एका रेघेवर निकाल नको: मांजराची फेल्व्ह तपासणी पहिल्यांदा करून घेताना

भुरी आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम चार महिन्यांची असेल. मंडईमागच्या गोदामात सापडलेलं, कानात काळी घाण भरलेलं, पण अंगाने बरं पिल्लू. तिला घ्यायला एक कुटुंब तयार होतं. त्यांच्या घरी सात वर्षांची भाटी होती, म्हणून आधी रक्त तपासून घ्या असा त्यांनी आग्रह धरला आणि तो रास्तच होता. दवाखान्यात किटवर दहा मिनिटांत फेल्व्हच्या, म्हणजे मांजरातल्या ल्युकेमिया विषाणूच्या, खुणेपाशी फिकट रेघ उमटली. त्या संध्याकाळी मला दोन सल्ले मिळाले. एक, तिला गोदामात परत सोडून द्या. दुसरा त्याहून वाईट होता. दोन्ही सल्ले मांजरांवर जीव असलेल्या माणसांनीच दिले होते. त्या रेघेचा अर्थ त्यांना माहीत नव्हता, आणि तेव्हा मलाही पुरता माहीत नव्हता.

त्यानंतर बरीच पिल्लं माझ्या हातून तपासली गेली. पहिल्यांदाच तपासणीला निघालेल्या माणसाला कोणी तरी आधी सांगायला हवं होतं, असं जे जे मला वाटत आलं, ते इथे क्रमाने लिहिते. डॉक्टरांचं काम डॉक्टरच करतील. पण कुठली तपासणी, कधी, कशासाठी आणि कागदावर काय आलं, हे मांजर सांभाळणाऱ्याला कळायलाच हवं.

आधी नावातला घोळ

फेल्व्ह म्हणजे मांजरातला ल्युकेमिया विषाणू. 1964 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सापडला. एकाच घरातल्या अनेक मांजरांना लसिकापेशींचा कर्करोग होत होता, म्हणून त्यांनी शोध घेतला. नावात ल्युकेमिया असला तरी तो फक्त रक्ताचा कर्करोग करत नाही. रक्त कमी होणं, प्रतिकारशक्ती ढासळणं, तोंड वारंवार येणं, साधा संसर्गही बरा न होणं, हे सगळं त्याच्या खात्यात येतं.

आपल्याकडे या नावाची गल्लत होते ती पॅनल्युकोपेनियाशी. तो वेगळाच रोग. त्याचा विषाणू पार्व्हो जातीचा, त्यात उलट्या-जुलाब होतात, पिल्लं दोन-चार दिवसांत हातची जातात आणि तपासणी बहुतेकदा विष्ठेवर होते. लोक जिला ट्रायकॅट म्हणतात ती तिहेरी लस पॅनल्युकोपेनिया आणि सर्दीच्या दोन विषाणूंवर असते. फेल्व्ह तिच्यात येत नाही. ‘आमच्या मांजराला तिहेरी लस दिली आहे, मग ल्युकेमियाचं काय बघायचं’ असं मला अनेकांनी विचारलं आहे. बघायचं असतं.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण घरातली मोठी माणसं ती पहिल्यांदा विचारतात. फेल्व्ह माणसाला होतो असा पुरावा नाही. तो कुत्र्यालाही लागत नाही. घरात तान्हं बाळ आहे म्हणून मांजर बाहेर काढायचं कारण नाही.

पहिली पायरी: नवं मांजर वेगळं ठेवा, आणि तारीख लिहून ठेवा

हा विषाणू मुख्यतः लाळेतून जातो. एकमेकांना चाटणं, एका वाटीत खाणं, चावे. नाकातला स्राव आणि आईचं दूधही. मांजराच्या अंगाबाहेर मात्र तो फार टिकत नाही. कोरड्या जागी थोड्याच वेळात संपतो, साबणानेही मरतो. त्यामुळे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही वेगळं ठेवणं जमतं. दार बंद होणारी खोली, ती नसेल तर एक बाथरूम पुरे. वाट्या, लिटर ट्रे, अंथरूण निराळं. जुन्या मांजराला हात लावण्याआधी हात धुवायचे. दाराच्या फटीतून एकमेकांचा वास घेतला म्हणून घाबरू नका, चाटाचाटी आणि एका ताटात जेवण टाळायचं आहे.

मांजर ज्या दिवशी आलं ती तारीख कॅलेंडरवर लिहा. पुढचा सगळा हिशेब या तारखेपासून होतो, आणि महिन्याभराने कुणालाच ती नीट आठवत नाही. अंगावर चाव्याची खूण असेल तर तीही लिहा.

दुसरी पायरी: तपासणी कधी

नवं मांजर घरी आणल्यावर, जुन्यांत मिसळण्याआधी. फेल्व्हची लस द्यायची असेल तर लसीच्या आधी. बाहेर फिरणारा बोका चावून घेऊन आला किंवा घरातल्या एका मांजराला फेल्व्ह निघाला, तर घरातल्या सगळ्यांची. आणि मांजर आजारी असेल तेव्हा, आधीचा निकाल काहीही असला तरी. हिरड्या फिकट पडणं, ताप हटत नाही, वजन उतरतंय, श्वास लागतोय, हिरड्या सतत सुजलेल्या, यातलं काहीही दिसलं तर वर्षापूर्वीच्या निगेटिव्ह कागदावर विसंबू नका.

लोक चुकतात ते काळ मोजण्यात. विषाणू अंगात शिरला की लगेच रक्तात दिसत नाही. बहुतेक मांजरांत अँटिजेन तपासणी, म्हणजे रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी, संपर्कानंतर महिन्याभरात पॉझिटिव्ह होते, काहींत आणखी उशिरा. म्हणून रस्त्यावरून काल आणलेल्या पिल्लाचा आजचा निगेटिव्ह निकाल म्हणजे अर्धंच उत्तर. शेवटच्या संभाव्य संपर्कापासून किमान 30 दिवसांनी पुन्हा तपासायचं असतं, बरेच डॉक्टर सहा आठवडे धरतात. तोवर बाथरूमचं दार बंदच. हा महिना फार लांबलचक वाटतो, पिल्लू दाराआड रडतं, घरातलेही वैतागतात. तरी थांबा. आधीच्या मांजराचं पुढचं सगळं आयुष्य या महिन्यावर अवलंबून असू शकतं.

पिल्लांबद्दल एक दिलासा आहे. फेल्व्हच्या नेहमीच्या तपासणीत विषाणूचाच भाग शोधतात, त्यामुळे आईकडून आलेल्या प्रतिपिंडांनी (अँटीबॉडींनी) ती फसत नाही. कोणत्याही वयात ती करता येते. मात्र आईकडून संसर्ग झालेलं पिल्लू काही आठवडे, कधी काही महिनेही निगेटिव्ह दिसू शकतं. आणि एका वेतातली पिल्लं असली तरी प्रत्येकाची तपासणी स्वतंत्र. आई निगेटिव्ह म्हणून पिल्लं निगेटिव्ह असं धरायचं नाही, आणि किटचे पैसे वाचवायला चार पिल्लांचं रक्त एकत्र करून एका किटवर तर मुळीच टाकायचं नाही. असं करायला सुचवणारे भेटतात. नम्रपणे नको म्हणा.

तिसरी पायरी: दवाखान्यात रक्त देताना

मांजराला कॅरिअरमध्ये न्या, वर टॉवेल टाका. मांजर दिसत नाही तेव्हा अर्धं शांत होतं. रक्त मानेच्या, पुढच्या पायाच्या किंवा मागच्या मांडीच्या आतल्या शिरेतून घेतात. मानेतून घेताना बघून पोटात कालवतं, पण सवयीच्या हाताला तीच जागा सोपी आणि झटपट असते.

किटला थेंबभरच रक्त लागतं, तरी डॉक्टरांना अर्धा ते एक मिलिलिटर घ्यायला सांगा, म्हणजे उरलेलं पुढच्या तपासणीला उपयोगी पडेल. पिल्लू फार लहान किंवा अशक्त असेल तर किती घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत जायला हवं. त्यात ते गोठत नाही, आणि किट, रक्तगणना, पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) तिन्हींना चालतं. नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करतात, खळखळवत नाहीत. जोराने हलवलं किंवा सिरिंजच्या बारीक सुईतूनच नळीत जोर लावून ढकललं, तर तांबड्या पेशी फुटतात आणि नमुना लालसर होतो. असा नमुना निकाल बिघडवू शकतो. नळीवर मांजराचं नाव आणि तारीख लिहिली का, ते स्वतः बघा. एका दिवशी पाच पिल्लं नेली तर नळ्या बदलायला क्षण लागत नाही.

किटवर रक्ताऐवजी लाळ किंवा डोळ्यातलं पाणी वापरतो असं कोणी म्हटलं तर नको सांगा. दवाखान्यातल्या किटसाठी रक्तच विश्वासाचं.

चौथी पायरी: किट वाचताना

दवाखान्यातलं नेहमीचं किट जोडीचं असतं, एका बाजूला फेल्व्ह आणि दुसऱ्या बाजूला एफआयव्ही, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती घटवणारा दुसरा एक विषाणू. दोन्ही एकाच खोक्यात असले तरी शोधतात वेगळ्या गोष्टी. फेल्व्हच्या बाजूला विषाणूच्या गाभ्यातलं पी27 हे प्रथिन शोधलं जातं, म्हणजे विषाणूच. एफआयव्हीच्या बाजूला त्या विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड शोधले जातात, आणि ते आईकडूनही पिल्लात आलेले असू शकतात. म्हणून सहा महिन्यांखालचं पिल्लू एफआयव्ही पॉझिटिव्ह निघालं तर वय वाढल्यावर पुन्हा तपासतात. हे दोन नियम एकमेकांत मिसळू देऊ नका, मला ते नीट बसायला वर्ष लागलं.

किट फ्रिजमध्ये ठेवलेलं असेल तर वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला यायला हवं. मुदत संपलेली नको. थेंब किती, किती मिनिटांनी वाचायचं, हे खोक्यातल्या कागदावर असतं आणि ते कंपनीप्रमाणे बदलतं, बहुधा दहाएक मिनिटं. ठरल्या वेळेआधी वाचलेलं आणि अर्ध्या तासाने वाचलेलं, दोन्ही ग्राह्य नाही. वाळत आलेल्या पट्टीवर खोटी रेघ उमटू शकते. कंट्रोलची, म्हणजे किट नीट चाललं हे दाखवणारी, खूण उमटली नाही तर ती तपासणी झालीच नाही असं धरायचं.

मी ठरल्या मिनिटाला मोबाईलवर फोटो काढते, त्यात किटचं नाव येईल अशा बेताने. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर त्या फोटोचा फार उपयोग होतो.

फिकट रेघ म्हणजे काय? वेळेत उमटली असेल तर पॉझिटिव्हच. ‘अगदी थोडा आहे’ असं तिचं भाषांतर करू नका, आणि ‘मांजर गेलं’ असंही करू नका. तिचा अर्थ एवढाच, की पुढची पायरी घ्या.

पाचवी पायरी: पॉझिटिव्ह आलं तर पडताळणी

यावर जास्त लिहिते, कारण मांजरं रस्त्यावर परत जातात ती इथेच.

एक साधा हिशेब करा. समजा 1000 वरवर निरोगी मांजरं तपासली आणि त्यातल्या 10 जणींनाच खरा संसर्ग आहे. किट चांगलं आहे, ते या दहाही पकडतं, आणि निरोगी मांजरांत शंभरात फक्त दोनदा चुकतं. उरलेल्या 990 मध्ये सुमारे 20 खोट्या रेघा उमटतील. म्हणजे एकूण 30 पॉझिटिव्ह, त्यातल्या 20 मांजरांना काहीच नाही. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, पण गणित खरं आहे: संसर्ग जितका विरळ, तितका एकट्या पॉझिटिव्ह रेघेवरचा भरवसा कमी. आजारी, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या मांजरात तीच रेघ जास्त वजनदार ठरते. निगेटिव्ह निकाल मात्र, संपर्काचा काळ उलटून गेला असेल तर, बराच भरवशाचा.

पडताळणीला दोन गोष्टी मागा. पहिली, प्रयोगशाळेतली एलायझा. तीही पी27च शोधते, पण दवाखान्याच्या पट्टीऐवजी प्रयोगशाळेत, यंत्रावर. दुसरी, पीसीआर. कोविडच्या दिवसांत आपण सगळे अँटिजेन आणि आरटीपीसीआर यांतला फरक शिकलो होतो, तो इथे अर्धाच लागू पडतो. फेल्व्ह रेट्रोव्हायरस आहे. तो आपली नक्कल मांजराच्या पेशींच्या डीएनएमध्येच गोवून टाकतो. या गोवलेल्या नकलेला प्रोव्हायरस म्हणतात, आणि फेल्व्हची नेहमीची पीसीआर तीच शोधते. त्यामुळे रक्तात विषाणू फिरत नसतानाही पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकते.

आयएफए नावाची तिसरी तपासणीही कागदावर दिसेल. काचपट्टीवर पसरलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत आणि प्लेटलेटांत विषाणूचं प्रथिन चमकतं का, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ती पॉझिटिव्ह आली तर विषाणू अस्थिमज्जेपर्यंत पोहोचल्याचा अंदाज बांधतात. पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर ती फसते.

नमुना पाठवण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून तीन गोष्टी विचारा: फेल्व्हची कोणती तपासणी करता, कोणती नळी लागते, नमुना कोणत्या वारी पोहोचायला हवा. ईडीटीएमधलं रक्त फ्रिजमध्ये ठेवायचं, गोठवायचं नाही. बर्फाची पिशवी आणि नळी यांच्यामध्ये कापड किंवा कागद हवा. शुक्रवारी संध्याकाळी कुरिअरला दिलेलं रक्त सोमवारपर्यंत कुठे तरी पडून राहतं, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा.

सहावी पायरी: दोन कागद एकत्र वाचा

अँटिजेन पॉझिटिव्ह, पीसीआरही पॉझिटिव्ह: संसर्ग आहे. पण तो कोणत्या वळणाचा, हे एका दिवसाच्या रक्तावरून सांगता येत नाही. काही मांजरांत विषाणू रक्तात फिरत राहतो, त्याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात आणि पुढचे आजार मुख्यतः यांनाच. काहींत शरीर त्याला रक्तातून हुसकावतं. बहुधा तीन ते सहा आठवड्यांत, कधी कधी चार महिन्यांपर्यंत, अँटिजेन निगेटिव्ह होतं आणि फक्त पेशीत गोवलेली नक्कल उरते. हा रिग्रेसिव्ह संसर्ग. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा अँटिजेन करा, आणि तरीही पॉझिटिव्ह असेल तर चार महिन्यांच्या आसपास पुन्हा.

अँटिजेन निगेटिव्ह, पीसीआर पॉझिटिव्ह: बहुतेकदा रिग्रेसिव्ह. असं मांजर लाळेतून विषाणू सहसा पसरवत नाही. पण त्याने रक्तदान कधीच करायचं नाही, कारण रक्तातून संसर्ग जाऊ शकतो. प्रतिकारशक्ती दबली तर विषाणू परत उठूही शकतो, म्हणून स्टेरॉइड देण्याआधी डॉक्टरांना ही नोंद दाखवा.

अँटिजेन पॉझिटिव्ह, पीसीआर निगेटिव्ह: पट्टीची खोटी रेघ असण्याची शक्यता मोठी, क्वचित संसर्ग शरीराच्या एखाद्याच भागात दबून बसलेला असतो. पुन्हा तपासा आणि तोवर वेगळं ठेवा.

दोन्ही निगेटिव्ह आणि संपर्काचा काळ उलटलेला: दार उघडा.

भुरीची पहिली रेघ खरी होती. प्रयोगशाळेची एलायझा पॉझिटिव्ह, पीसीआर पॉझिटिव्ह. दहा आठवड्यांनी एलायझा निगेटिव्ह आली, त्यानंतरही निगेटिव्हच राहिली, पीसीआर मात्र पॉझिटिव्ह. त्या कुटुंबाने त्यांच्या भाटीचा विचार करून तिला घेतलं नाही आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. भुरी आता एका शिक्षिकेकडे एकुलती एक मांजर म्हणून राहते.

प्रोग्रेसिव्ह निघालं तर

हा कागद हातात घेणं जड जातं. संसर्ग कायमचा असतो आणि आयुष्य कमी होऊ शकतं. पण नीट सांभाळलेली अशी मांजरं काही वर्षं चांगली काढतात. निकाल आला म्हणून, मांजर खातंय-खेळतंय तोवर, त्याला इंजेक्शनने कायमचं झोपवण्याचा विषय काढायचा नाही. डॉक्टरांनी काढलाच तर पडताळणी झाली का ते विचारा आणि दुसरं मत घ्या.

ते घरातच राहील, बाहेर जाणार नाही. नसबंदी करून घ्या. कच्चं मांस आणि कच्ची अंडी बंद. दर सहा महिन्यांनी तपासणी, वजन आणि रक्तगणना. रक्तगणनेत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा, बघा, निरोगी मांजरात तो साधारण 30 ते 45 टक्के असतो. तो उतरत चालला तर डॉक्टरांशी लगेच बोला. घरातली बाकीची मांजरं तपासा, त्यांना शक्यतो वेगळं ठेवा आणि निगेटिव्ह असतील त्यांच्या फेल्व्ह लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. मोठ्या मांजरांत पिल्लांपेक्षा प्रतिकार जास्त असतो, पण तो अभेद्य नाही.

शेवटी फाईल. प्रत्येक मांजराची एक प्लॅस्टिकची फाईल करा. पहिल्या पानावर घरी आल्याची तारीख, खाली प्रत्येक तपासणीची तारीख, तपासणीचं पूर्ण नाव आणि निकाल. नुसतं ‘फेल्व्ह पॉझिटिव्ह’ लिहू नका, ‘किट अँटिजेन पॉझिटिव्ह’ किंवा ‘पीसीआर पॉझिटिव्ह’ असं लिहा. मांजर दुसऱ्या घरी गेलं तर फाईल त्याच्याबरोबर द्या. भुरीची फाईल शिक्षिकाबाईंच्या कपाटात आहे आणि तिच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय: रक्तदान नाही, स्टेरॉइडआधी विचारा.